आधी जागा, मग ताठ मान

जून महिन्यात निवासी शाळेच्या फाटकातून पहिलीतले मूल आत येते, तेव्हा ते तोंडाने काही बोलत नाही. पण त्याचे शरीर सारखे बोलत असते. एका हातात आईच्या पदराचे टोक, दुसऱ्या हाताची बोटे तोंडात, खांदे कानांपाशी आलेले आणि नजर स्वतःच्या नव्या चपलांवर. "सरांना नाव सांग की," असे आई म्हणते. मूल आणखी मागे सरकते. मग आई ओशाळते आणि तिचेही खांदे तसेच आत ओढले जातात. हे दृश्य मी जवळजवळ तीस वर्षे पाहत आलो आहे. आरंभी मी केवळ मुलाकडे पाहत असे. पुढे आईकडेही पाहू लागलो, आणि मुलाने ही ढब कोठून घेतली हे मला समजू लागले.

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेख मागितला तेव्हा इतिहासाच्या शिक्षकाने एखादा ऐतिहासिक विषय घ्यावा, अशी त्यांची अपेक्षा असणार. मी निवडलेला विषय वरकरणी बालवर्गाचा वाटेल : लहान मुलांची हालचाल, त्यांची देहबोली आणि त्यांतून येणारा आत्मविश्वास. तथापि हा विषय आपल्या समाजापुरता तरी इतिहासाचाच आहे, असे माझे मत आहे. मुलाची मान खाली का जाते, हे ज्याला ठाऊक नाही त्याने ती वर करण्याचे धडे देऊ नयेत.

कुंभारीच्या परिसरात राहणाऱ्यांना हे वेगळे सांगण्याची गरज नाही. सोलापूर–अक्कलकोट रस्त्यावरील आपले हे गाव गेल्या दोन दशकांत पार बदलून गेले. २००६ साली विडी कामगार स्त्रियांच्या दहा हजार घरांची गोदुताई परुळेकर वसाहत येथे उभी राहिली. जानेवारी २०२४ मध्ये रे नगरमधील पंधरा हजार घरांचे हस्तांतरण झाले. या घरांतून शाळेत येणाऱ्या मुलाने जन्मापासून जे शरीर सर्वांत जवळून पाहिलेले असते, ते विडी वळणाऱ्या बाईचे. मांडीवर सूप, सुपात ओलसर पाने आणि तंबाखू, हातात कात्री, मान खाली, पाठ वाकलेली. हजाराच्या हिशेबावर मजुरी असल्यामुळे मान वर करण्याची तिला सवड नसते. मूल काही विचारते, ती सुपाकडे पाहतच उत्तर देते. त्यात प्रेमाचा अभाव नाही. पण बोलताना समोरच्याकडे पाहायचे असते, हे मूल तेथे शिकणार कसे? पुन्हा येथे कोणाच्या घरी तेलुगू, कोणाच्या घरी कन्नड, कोणाच्या घरी दखनी. शाळेतली मराठी ही त्यांच्या कानाला नवीन. असे मूल वर्गात गप्प बसले की आपण त्याच्या नावापुढे 'बुजरा' असा शेरा मारून मोकळे होतो.

आता थोडे मागे जाऊ. आपल्या पूर्वजांना गावात कसे वागावे लागे, हे आजी-आजोबांकडून ऐकलेली माझी पिढी बहुधा शेवटची. त्या काळी अंतर हे केवळ मनात नव्हते. ते हात-पायांत शिकवलेले होते. वाड्यासमोर उभे कोठे राहायचे, किती वाकून जोहार घालायचा, सावली कोणावर पडू द्यायची नाही, ओंजळ किती खाली धरायची म्हणजे वरून पाणी ओतणाऱ्याला विटाळ होणार नाही, हे सारे शरीराचे शिक्षण होते आणि ते चालू लागलेल्या मुलापासून सुरू होई. कोणी पाटी-पुस्तक घेऊन ते शिकवले नाही. म्हणूनच ते इतके खोल रुजले. पुढे विदर्भात बाबू हरदास एल. एन. यांच्या प्रेरणेने 'जय भीम' हे अभिवादन रुजले, तेव्हा शब्दाबरोबर ते उच्चारणाऱ्याची पाठही बदलली. 'जोहार' वाकून घालायचा असतो. 'जय भीम' वाकून म्हणताच येत नाही. आपल्या चळवळीने केलेले हे शारीरिक शिक्षण नव्हे काय?

बाबासाहेबांच्या बालपणातील दोन प्रसंग येथे आठवतात. दोन्ही त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहेत. शाळेत त्यांना वर्गाच्या कोपऱ्यात वेगळ्या तरटावर बसावे लागे. ते तरट शाळा झाडणारा नोकर शिवत नसे, म्हणून रोज घरी न्यावे आणि दुसऱ्या दिवशी परत आणावे लागे. हा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. दुसऱ्याकडे आपण शिक्षकांनी अधिक लक्ष द्यावे असे मला वाटते. नऊएक वर्षांचा भीमराव भावंडांसह वडिलांना भेटण्यासाठी आगगाडीने निघाला आणि मसूर स्थानकावर उतरला. अंगावर नवे, नीटनेटके कपडे, डोक्यावर जरीची टोपी; प्रवासाच्या आनंदात ही मुले फलाटावर उभी होती. स्टेशन मास्तर आपणहून विचारपूस करायला आला. त्याला ती कोणा भल्या घरची वाटली होती. मुलांनी सहजपणे जात सांगितली आणि त्या माणसाचा चेहरा क्षणात पालटला. तो मागे फिरला.

या प्रसंगात मुलांच्या देहबोलीत काय कमी होते? काहीही नाही. ती ताठ उभी होती, निर्भयपणे बोलत होती. बदलली ती समोरच्या मोठ्या माणसाची देहबोली. मागे पडलेले त्याचे एक पाऊल त्या मुलाने जन्मभर लक्षात ठेवले. 'मुलाचा आत्मविश्वास वाढवा' असे म्हणताना आपण नेहमी मुलाला दुरुस्त करायला निघतो, आणि त्याच्यासमोर उभा असलेला मोठा माणूस तसाच राहतो. माझी मुख्य तक्रार ही आहे.

त्या तक्रारीत मी स्वतःही मोडतो. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत, दुसऱ्या एका गावच्या शाळेत, दुसरीतला एक मुलगा फळ्यासमोर आला की वाकडा उभा राही, एक पाय दुसऱ्या पायावर घाली, पुटपुटे. "ताठ उभा राहा, आवाज काढ," असे मी तीनदा ओरडलो. चौथ्या वेळी संतापून म्हणालो, "अंगठे धर." तो वाकला आणि पायांचे अंगठे धरून तास संपेपर्यंत तसाच राहिला. ताठ उभे राहावे म्हणून मी त्याला वाकवले होते! त्या वेळी यातील विसंगती माझ्या ध्यानातही आली नाही. त्या संध्याकाळी घरी भिंतीवरच्या तसबिरीकडे पाहताना मात्र गावच्या वाड्यासमोर वाकलेल्या आजोबांची आठवण आली आणि जेवण गेले नाही. पुढे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी केली. पण 'अंगठे धर', 'कोंबडा हो', 'कान धरून उभा राहा' या आज्ञा कायद्याच्या आधीच आपल्या शाळांतून जायला हव्या होत्या. त्या शिक्षा मुलाला वेदना देतात हे एक झाले. ज्या ढबीतून आपण पिढ्यान्‌पिढ्या बाहेर पडत आलो, तीच ढब त्या पुन्हा मुलाच्या अंगात भरतात.

आजकाल शहरात व्यक्तिमत्त्व विकासाची शिबिरे भरतात. पालक मोठी फी भरतात. छाती पुढे काढा, हस्तांदोलन घट्ट करा, डोळ्याला डोळा भिडवा, असे तेथे शिकवतात. या शिकवणुकीमागे एक संशोधनही सांगितले जाते. २०१० मध्ये अमेरिकेत ४२ जणांवर प्रयोग झाला : दोन मिनिटे ऐटीत उभे राहिले की शरीरातील संप्रेरके बदलतात आणि माणूस धाडसी होतो, असा त्याचा निष्कर्ष. त्याची जगभर प्रसिद्धी झाली. २०१५ मध्ये २०० जणांवर तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा संप्रेरकांवर वा धाडसावर परिणाम आढळला नाही. लोकांना आपण बलवान आहोत असे तेवढ्यापुरते वाटले, इतकेच. मूळ संशोधकांपैकी डॅना कार्नी यांनी २०१६ मध्ये, आपला त्या परिणामावर विश्वास उरलेला नाही, असे जाहीरपणे लिहिले. स्वतःची चूक अशी चारचौघांत कबूल करणे हा मला त्या साऱ्या प्रकरणातील खरा आत्मविश्वास वाटतो. असो. सांगायचे हे, की ऐट ही अंगरख्यासारखी वरून घालता येत नाही.

मग काय करावे? आधी जागा द्यावी. बाबासाहेबांनी हेच केले, आणि त्याचा आरंभ आपल्या सोलापुरात झाला, याचा आपल्याला अभिमान हवा. बहिष्कृत हितकारिणी सभेने ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापुरात विद्यार्थी वसतिगृह काढले. सोलापूर नगरपालिकेने त्याला दरमहा ४० रुपयांचे साहाय्य दिले. राहण्याची, जेवणाची, कपड्यालत्त्याची सोय झालेल्या तेथील मुलांनी पुढे 'सरस्वती विलास' नावाचे मासिकही चालविले. क्रम पाहावा : प्रथम पाठ टेकायला भिंत, मग पोटाला अन्न आणि त्यानंतर हातात लेखणी. आपल्या वळसंगकडे पाहावे. तेथे आपल्या लोकांनी स्वतः विहीर खणली आणि १९३७ साली बाबासाहेब तिच्यासाठी आले. स्वतःच्या विहिरीवर पाणी शेंदणारा माणूस ओंजळ खाली धरून बसत नाही. त्याला कोणी ताठ उभे राहायला शिकवावे लागत नाही.

वर्गात जागा देणे म्हणजे काय, हेही सांगतो. पहिली-दुसरीच्या वर्गात रांगा नकोत, गोल हवा. रांगेला पहिला आणि शेवटचा बाक असतो, कोपरा असतो. गोलाला कोपरा नसतो. ज्या समाजाच्या महापुरुषाला कोपऱ्यात बसवले गेले, त्या समाजाच्या शाळेत कोपरा शिल्लक राहता कामा नये. दुसरे म्हणजे, पहिले काही आठवडे कोणत्याही मुलाला एकट्याने उभे करून प्रश्न विचारू नये. ज्याला मराठीच येत नाही त्याचे तोंड बंद असते, पण हातपाय मोकळे असतात. 'उठा', 'बसा', 'दाराला हात लावून या', 'मांजरासारखे चाला', 'भरलेली कळशी डोक्यावर आहे असे चाला' या सूचनांना ते शरीराने उत्तर देते. आणि उत्तर बरोबर आले की त्याच्या चेहऱ्यावर काही वेगळेच दिसते. शब्द मागाहून येतात. तेलुगू बोलणारी एक चिमुरडी दोन महिने एक अक्षर बोलली नव्हती. कळशीच्या खेळात ती इतकी सुरेख चालली की सारा वर्ग तिच्या मागे चालू लागला. तिचा पहिला मराठी शब्द होता, "हळू!"

हे माझे संशोधन नव्हे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी हेच केले. मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच त्यांनी शाळाच पाड्यावर, मुलांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द तेथून आला आणि १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने तो देशभर पोहोचविला. पाने, खडे, शिंपले ही त्यांची साधने होती. यातली युक्ती साधनांत नाही, अंगणात आहे. आपल्याच अंगणात मूल बुजत नाही; तेथे पाहुणा शिक्षक असतो आणि बुजायचे असेल तर त्याने बुजावे.

आपल्याकडे याहून जवळचे एक साधन आहे, ते म्हणजे लेझीम. सोलापूरच्या मिरवणुका लेझमीसाठी नावाजलेल्या आहेत आणि भीमजयंतीला आपल्या वस्त्यांतील मुले महिनाभर आधीपासून रात्री सराव करतात. वर्गात खाली मान घालणारा मुलगा त्या सरावात मी पाहिला आहे. ओळखू येत नाही. याचे कारण मी पुष्कळ दिवस शोधत होतो. लेझमीत सर्व जण एकाच वेळी हलतात, म्हणून कोणाकडेही एकट्याकडे पाहिले जात नाही. चुकलेले पाऊल शंभर पावलांत हरवते. चकत्यांचा आवाज मात्र सर्वांचा मिळून होतो आणि त्यात आपलाही आवाज आहे हे मुलाला ऐकू येते. खाली वाकायचे असते, पण चार मात्रांनी उठायचेही असते, आणि वाकणे हे तेथे कोणासमोर नसते. पुढे कधी तरी रांगेच्या डोक्याशी उभे राहण्याची पाळी येते. तोवर पाय तयार झालेले असतात. घोळक्यातून चौघांत, चौघांतून एकट्यावर, अशा क्रमाने धीर येतो. आपण शाळेत नेमके उलट करतो : मुलाला आधी एकटे उभे करतो आणि ते रडले की घोळक्यात परत पाठवतो.

लेझमीबरोबर हलगी येते, आणि येथे आपल्यातील काही शिकलेल्या बांधवांचा विरोध होतो. हलगी शाळेत नको, ती जुनी कामे आठवून देते, असे ते म्हणतात. त्यामागची वेदना मी जाणतो. ज्या वाद्याबरोबर बलुत्याची सक्ती आली, ते टाकून देण्याचा हक्क ज्याचा त्याला आहे. पण सक्तीने वाजवलेली हलगी आणि आपल्या जयंतीला आपल्या पोराने वाजवलेली हलगी या दोहोंत मला फरक दिसतो. माझे मत मी लादत नाही. पण सहा वर्षांच्या मुलाच्या पायांना ठेका हवा असतो आणि मोबाइलवरच्या गाण्याने तो तसा मिळत नाही, एवढे निरीक्षण नोंदवतो.

एका गोष्टीवर मात्र मला कठोर बोलायचे आहे, आणि ती आपल्याच घरची आहे. जयंतीच्या व्यासपीठावर चार-पाच वर्षांच्या मुलाला निळा कोट घालून, चष्मा लावून, बोट वर करून उभे करतात. पाठ केलेले भाषण ते किंचाळून म्हणते. प्रत्येक वाक्याला हात कसा फिरवायचा हेही शिकवलेले असते. मध्येच ओळ विसरते. मग खालून आई ओठ हलवून दाखवते, मागून वडील कुजबुजतात, आणि मूल घशाशी आलेले रडे गिळून पुन्हा बोट वर करते. टाळ्या होतात. त्या मुलाने काय शिकले? आपले शरीर दुसऱ्याच्या आज्ञेवर हलवायचे असते, हे. बाबासाहेबांचे बोट संसदेकडे होते असे आपण म्हणतो. या चिमुकल्याचे बोट आईने सांगितले तिकडे असते. तेच मूल त्याच व्यासपीठावर स्वतः पाहिलेल्या एखाद्या गोष्टीविषयी, आजीच्या शेळीविषयी म्हणा, चार वाक्ये आपल्या मनाने बोलले तर मी अधिक टाळ्या वाजवीन. आणि मध्येच थांबले तर सर्वांनी थांबावे. लहान मुलासाठी मोठ्यांनी शांतपणे थांबणे, हा आपल्या सभांत मला क्वचितच दिसलेला शिष्टाचार आहे.

मुलींविषयी दोन शब्द. पहिलीत जी मुलगी झाडावर चढते, तिला चौथी-पाचवीत येईपर्यंत 'पाय जवळ घे', 'मोठ्याने हसू नको', 'अंग चोरून बस' हे घरोघरी ऐकवले जाते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांची वेगळी सभा घेतली आणि लुगडे नेसण्याची पद्धत, अंगावरचे दागिने यांविषयी ते बोलले, कारण ती नेसण त्यांची जात लांबून ओळखू यावी यासाठीच ठरलेली होती. ऐकणाऱ्या स्त्रियांनी तेथेच नेसण बदलून दाखविली. परिषदेला आलेल्या त्या निरक्षर स्त्रियांना आपल्या शरीराची भाषा आपण ठरवायची, हे समजले. त्यांच्या पणतीला मैदानात धावू न देणाऱ्या पालकांनी याचा विचार करावा. निवासी शाळेत संध्याकाळचे मैदान मुलांना आणि भाजी निवडणे मुलींना, अशी वाटणी मी काही ठिकाणी पाहिली आहे. ती चालणार नाही.

नजरेबाबत मात्र घाई नको. 'माझ्या डोळ्यांत पाहून बोल' ही सक्ती मला मान्य नाही. आपल्या घरांत मोठ्यांसमोर नजर खाली ठेवणे हा पुष्कळदा आदर असतो, भीती नव्हे. दोहोंतला फरक खांदे पाहून कळतो. आदराने झुकलेल्या नजरेबरोबर खांदे सैल असतात. काही मुलांना तर डोळ्याला डोळा भिडवणे जन्मतःच जड जाते; एखादे मूल अडखळत बोलते, एखादे कुबडीवर चालते. त्या सर्वांना एकाच साच्याचा ताठपणा कशासाठी? भगवान बुद्धांनी सतिपट्ठान सुत्तात चालणे, उभे राहणे, बसणे आणि आडवे होणे या चारही अवस्थांची जाण ठेवायला सांगितले. त्यांतील एखादी श्रेष्ठ आणि दुसरी हीन असे म्हटले नाही. सकाळच्या वंदनेनंतर आपल्या आवारात मुलांना पाच मिनिटे अनवाणी, हळू, न बोलता चालायला द्यावे. पाय जमिनीला कोठे लागतो एवढेच पाहायचे. धडपड्या मुलांना ते आवडत नाही. बुजऱ्यांना फार आवडते, कारण तेवढा वेळ त्यांना कोणी काही विचारत नाही.

आणि शिक्षकांनो, आपण खाली बसावे. सहा वर्षांच्या मुलाला उभ्या शिक्षकाची कंबर दिसते, चेहरा दिसत नाही. त्याच्या उंचीला येऊन, त्याच्या नावाने, घरात हाक मारतात त्या नावाने नव्हे तर हजेरीतल्या पूर्ण नावाने बोलावे. ज्यांच्या आजोबांना गावाने कधी पूर्ण नावाने पुकारले नाही, त्यांना या हाकेचे मोल कळते. पाठीवर हात ठेवावा का, असे नवे शिक्षक विचारतात. २०१२ च्या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्यानंतर ते धास्तावलेले असतात. मी म्हणतो, मुलाला विचारावे. "शाब्बासकी देऊ का?" मान हलली तर द्यावी, अंग चोरले तर हात मागे घ्यावा. ज्या समाजाला स्पर्श नाकारला गेला, त्याला स्पर्शाची किंमत सर्वांत जास्त ठाऊक. आणि नको असलेला स्पर्श नाकारण्याचा अधिकार मुलाला असणे, हाही आत्मविश्वासाचाच भाग आहे.

शेवटी एक छोटी सूचना, खर्च न लागणारी. शाळेतील कामे हुशार मुलांकडे जातात : हजेरी पोहोचवणे, खडू आणणे, घंटा देणे. ती कामे पाळीपाळीने सर्वांत गप्प मुलाकडे द्यावीत. निरोप घेऊन आवार ओलांडणाऱ्या मुलाची चाल जाताना आणि येताना वेगळी असते. कोणीही उभे राहून पाहावे. मागील वर्षी पहिलीतल्या एका मुलीला, जिला जूनमध्ये मी आईच्या पदराआड पाहिले होते, मधल्या सुट्टीची घंटा द्यायला पाठवले. हातोडा तिला दोन्ही हातांनी धरावा लागला. पहिला ठोका हळू पडला, दुसरा जरा मोठा. मग ती थांबेचना. मुले केव्हाच बाहेर पडली होती, स्वयंपाकघरातून मावशी पाहायला आल्या, मुख्याध्यापक घड्याळ पाहत व्हरांड्यात आले, आणि ती पाय रोवून, मान मागे टाकून घंटा वाजवतच राहिली.